सैतानाला अडवायचं म्हणजे रोज काय करायचं?

वाचकहो, सलाम.

नाताळानंतर आलेली पत्रं परवा एका बैठकीत वाचून काढली. निम्म्याहून जास्त पत्रांचा विषय एकच होता: सैतान, दुष्टात्मे, बाधा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे उपास-प्रार्थनेच्या सभा होतात, तिथे या विषयावर पुष्कळ बोललं जातं. पत्रं वाचून मला वाटलं, की लोक त्या सभांतून घरी जाताना वचनापेक्षा भीतीच जास्त घेऊन जातात. म्हणून लग्नाचे आणि बाळांच्या बाप्तिस्म्याचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी पाळक नाही. बत्तीस वर्षं नंदुरबार जिल्ह्यात नर्स होते, त्यातली बरीचशी मुलांच्या वॉर्डात. जे सांगते ते पवित्र शास्त्रातून आणि त्या वॉर्डातून. आणि एक, ज्या पत्रात कुणाचा जीव टांगणीला लागलेला दिसतो, तिथे मी अंकाची वाट पाहत नाही, आधी फोन करते. खालची दोन उत्तरं तशी आहेत. ती त्या त्या घराच्या परवानगीने छापली आहेत, ओळखीच्या खुणा काढून.

प्रश्न : सिस्टरमावशी, माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. थंडी पडली की हातापायांची हाडं दुखतात म्हणून रात्रभर रडते. मधूनच डोळे पिवळे होतात. पाड्यावर प्रार्थनेला येणारे एक भाऊ म्हणाले, हिच्यात दुष्टात्मा आहे, गोळ्या बंद करा, गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. शुक्रवारी रात्रभर तिला मधोमध बसवून प्रार्थना करणार आहेत. गावात म्हणतात, आमच्या घरामागची विधवा काकी डाकीण आहे, तिनेच केलं. मंडळीतलेही काहीजण आता तसंच बोलतात. सैतानाशी लढायला आम्ही भीत नाही, पण पोरीचे हाल बघवत नाहीत. (एक आई, अक्कलकुवा तालुका)

उत्तर : ताई, त्या दिवशी फोनवर जे बोललो तेच इथे लिहिते, कारण तुमच्यासारखी घरं सातपुड्याच्या पायथ्याला पुष्कळ आहेत.

थंडीत हाडं दुखणं, डोळे पिवळे होणं, रक्त कमी असणं. भिल्ल, पावरा, मावची घरातल्या मुलात हे दिसलं की आमच्या वॉर्डात पहिला शब्द निघायचा तो सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या, त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. जिथे अडकतात तिथे अशी कळ येते की मोठा माणूसही ओरडतो. थंडी, ताप, कमी पाणी, जास्त श्रम यांनी ती कळ उठते. हा आजार आईबापांकडून येतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते, की मूल आजार घेऊनच जन्मेल. यात कुणाचं पाप नाही आणि कुणाची करणीही नाही. आंधळ्या माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही नाकारलं (योहान ९). तुमच्या मुलीविषयी कोणी तोच प्रश्न विचारला तर तेच उत्तर द्या.

तुम्ही शुक्रवारच्या आधीच तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलंत, बोटातून रक्त दिलंत. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली आणि पक्क्या तपासणीसाठी नमुना पुढे गेला. रिपोर्ट आला की डॉक्टर जी गोळी सांगतील ती रोज द्यायची. दिवसभर पाणी पाजायचं, शाळेत बाटली द्यायची, रात्री अंगावर दोन गोधड्या. धाकट्या दोघांचीही तपासणी करा. आणि मुलामुलींच्या सोयरिकी जुळवणाऱ्या सगळ्या आईबापांना माझी विनंती आहे, पत्रिका बघणं आपण सोडलं तसं रक्त बघणं धरा.

आता त्या भावांनी जे सांगितलं त्याविषयी. दुष्टात्मे नसतातच असं मी म्हणणार नाही. पवित्र शास्त्र तसं म्हणत नाही, आणि माझ्या नोकरीत दोनदा मी असं काही पाहिलं आहे ज्याला आमच्याकडे कागदावर लिहायला नाव नव्हतं. पण मत्तयाच्या चौथ्या अध्यायाचं चोविसावं वचन उघडून बघा. येशूकडे कोणाकोणाला आणलं त्याची यादी आहे, तिथे भूतग्रस्त वेगळे सांगितले आहेत, फेफरेकरी वेगळे आणि पक्षाघाती वेगळे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांनाही आजार आणि बाधा यांत फरक आहे हे ठाऊक होतं. कोणी म्हणेल, सतराव्या अध्यायातल्या मुलाचं काय, त्याला तर फेफरं होतं आणि येशूने भूत काढलं? खरं आहे. तिथे ओळखणारा येशू होता. आपली ओळख चुकते, आणि चुकली तर भोगतं लेकरू. म्हणून आधी तपासणी. प्रार्थना तपासणीच्या आधी करा, नंतर करा, दवाखान्याच्या बाकावर बसून करा. पौल ज्याला प्रिय वैद्य म्हणतो तो लूक त्याच्याबरोबर फिरत होता, त्याने त्याला कधी अविश्वासी म्हटलं नाही.

एक गोष्ट सांगते, ती मी आजवर लिहिली नव्हती. नोकरीच्या पहिल्या दोनतीन वर्षांतली. याच दिवसांत, नंदुरबारकडे पथारींवर मिरची वाळत असते तेव्हा, एका मुलीला आमच्याकडे आणलं. भगताने भूत काढायला तिला बांधून मिरचीची धुरी दिली होती. डोळे सुजून फटी झालेले, ओठ फुटलेले, श्वास घेताना छातीतून शिट्टी. मी तिचे केस तीनदा धुतले, तरी दुसऱ्या दिवशी उशीला मिरचीचा वास होता. ती जगली. भगताचा मला फार राग आला आणि मनात म्हटलं, आपल्या लोकांत असं होत नाही. पुढे काही वर्षांनी दुसरी मुलगी आली. दंडांवर दोरीचे वळ, गालावर बोटं उमटलेली. तिला घेऊन आलेल्यांच्या हातात पवित्र शास्त्र होतं. त्या रात्रपाळीत मी ड्रेसिंग करत होते आणि माझे हात थरथरत होते. तो राग नव्हता, लाज होती.

चारही शुभवर्तमानं वाचून काढा. येशूने भूत लागलेल्या माणसाला एकदाही बांधलं नाही, मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. गरसेकरांच्या प्रांतातल्या त्या माणसाला गावाने बेड्या-साखळ्या घालून पाहिल्या होत्या. येशूने शब्दाने मोकळं केलं, आणि नंतर तो कसा दिसला? कपडे घातलेला, शुद्धीवर आलेला, बसलेला. मग त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांत पाठवलं. ज्या प्रार्थनेनंतर माणूस आणखी मोडलेला दिसतो तिच्यात येशूचं काय आहे, हे मंडळीच्या वडिलांनी विचारायलाच हवं. आणि कायदाही आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे त्यात गुन्हे म्हणून लिहिलेलं आहे, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. शांतपणे प्रार्थना करायला कायद्याची आडकाठी नाही. हात उचलायला आहे, मग तो हात कोणत्याही धर्माचा असो.

आणि ती काकी. ताई, तुमच्या पत्रातलं हेच वाक्य मला सगळ्यात जड गेलं. आपल्या भागात एकदा बाईला डाकीण म्हटलं की तिचं पुढे काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तिच्या अंगणातून कोणी पाणी घेत नाही, मग तिची शेती हडपतात, मग दगड, मग त्याहून वाईट. पौल इफिसकरांना लिहितो, ‘आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही.’ या वचनावर आपल्याकडे शेकडो उपदेश झाले असतील, पण त्याचा सरळ अर्थ कोणी पाड्यावर सांगत नाही. घरामागे राहणारी विधवा रक्तमांसाची आहे. तिच्याशी आपलं युद्ध नाही. जो तिला डाकीण म्हणतो त्याने शत्रू चुकीचा धरला आहे, आणि खऱ्या शत्रूला तेच हवं असतं. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात सैतानाचं एक काम सांगितलं आहे, रात्रंदिवस दोष देत राहणं. एका एकट्या बाईला गावभर दोष देण्यात मंडळीने आवाज मिसळला, तर ते काम कोणाचं झालं?

फोनवर मी तुम्हाला विचारलं होतं, काकीकडे शेवटचं कधी गेलात? तुम्ही म्हणालात, दिवाळीपासून नाही. रिपोर्टचा कागद हातात आला की आधी तिच्याकडे जा. तिच्या ओट्यावर बसा, चहा घ्या, आणि मोठ्या आवाजात सांगा की पोरीला सिकलसेल आहे. शेजारच्या चार घरांना ऐकू गेलं पाहिजे. सैतानाला अडवायचं म्हणतात ना, ते तिथे त्या ओट्यावर होईल.

प्रश्न : मी जळगावला एका दुकानात कामाला आहे. क्रिकेटच्या सट्ट्याची सवय लागली आहे. मोबाइलवरचे पैशांचे खेळ २०२५ च्या कायद्याने बंद झाले, तर ओळखीच्या एकाकडे लावायला लागलो. बायकोला वाटतं गाडीचे हप्ते भरतोय, पण तीन हप्ते थकलेत. रोज रात्री मोठ्याने म्हणतो, ‘येशूच्या नावात मी जुगाराच्या आत्म्याला बांधतो.’ तरी पगार झाला की तेच. माझा विश्वास कमी पडतो का? (एक तरुण)

उत्तर : बेटा, तू हे लिहिलंस, त्यातच अर्धी चावी बसली. चावी म्हणजे काय ते पुढे सांगते.

याकोबाच्या पत्रातलं वचन आपण नेहमी मधूनच उचलतो. पूर्ण असं आहे: ‘म्हणून देवाच्या अधीन व्हा; आणि सैतानाला अडवा, म्हणजे तो तुमच्यापासून पळून जाईल.’ अधीन होणं आधी आहे. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला याकोब हाव आणि भांडणांविषयी बोलतो, आणि पुढे लगेच म्हणतो, हात धुवा, मनं शुद्ध करा. तू दुसरं टोक धरून ओढतो आहेस, पहिलं मोकळंच आहे. ‘बांधतो’ हा शब्द आपण येशूच्या ज्या दाखल्यातून घेतो, बलवानाच्या घरात शिरून आधी त्याला बांधण्याचा, तिथे बांधणारा येशू आहे. ते त्याने केलेलं आहे. तुला सांगितलं आहे ते उभं राहायला. इफिसकरांस सहाव्या अध्यायात शस्त्रसामग्रीच्या वर्णनाच्या आधी पुन्हा पुन्हा तेच येतं: टिकाव धरा, उभे राहा.

त्या इफिसातच काय झालं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात वाच. स्किवाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला गेले. दुष्टात्मा म्हणाला, येशूला ओळखतो, पौलाची माहिती आहे, पण तुम्ही कोण? आणि उघडेवाघडे, जखमी होऊन ते पळाले. पुढचं मात्र फार कमी सांगितलं जातं. ते ऐकून विश्वास ठेवणारे पुष्कळजण पुढे आले, आपण काय काय करत होतो ते त्यांनी उघड सांगितलं, आणि जादूटोण्याची पुस्तकं आणून सगळ्यांदेखत जाळली. किंमत भरली पन्नास हजार चांदीची नाणी. नाव मोठ्याने घेणारे हरले, आणि उघड बोलून नुकसान सोसणारे टिकले.

माझे वडील सुरत–भुसावळ लाइनवर दोंडाईच्याजवळ कीमन होते. लोक चावीवाला म्हणायचे, आम्ही दादा. रूळ खालच्या स्लीपरला धरून ठेवणारी लोखंडी चावी असते, तिच्यावरून. पहाटे खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, पिशवीत पाना, काखेत लाल-हिरवे झेंडे घेऊन निघायचे. आपला बीट पायी चालायचे, जाताना एका रुळाकडे बघत, येताना दुसऱ्या. सुट्टीत मी भाकरी-ठेचा घेऊन गेटापर्यंत जायचे आणि मग थोडं त्यांच्यामागे चालायचे. हातोडा चावीवर पडला की घट्ट चावी खणकन वाजायची. ढिली असली की आवाज बसका यायचा. तो बसका आवाज आला की दादा थांबायचे, वाकायचे, दोन ठोके द्यायचे, परत ऐकायचे. मी एकदा विचारलं, काल तर सगळ्या ठोकल्या होत्या ना? म्हणाले, “काल गाड्या गयात ना, माय. रोज देखनं पडस.”

एवढ्या वर्षांत त्यांच्या बीटावरून कोणी रूळ उचलून नेला नाही. चावी हादऱ्याने सरकते, एवढंच. इफिसकरांस चौथ्या अध्यायात पौल म्हणतो, ‘सैतानाला वाव देऊ नका.’ वाव हा शब्द मला फार बरोबर वाटतो. रुळाखाली बोटभर वाव मिळाला की पुरे. तुझा वाव कुठे आहे ते तुझ्या पत्रातच दिसतं: पगाराचा दिवस, रात्री बायको झोपल्यावर हातात राहिलेला मोबाइल, तो ओळखीचा माणूस, आणि हप्त्याचं खोटं. चारही ठिकाणी हातोडा मारून बघ, आवाज बसकाच येईल.

पौलाच्या शस्त्रसामग्रीत पहिला कमरबंद येतो, सत्याचा. म्हणून सुरुवात तिथून कर. हे छापून येईपर्यंत थांबू नकोस म्हणून वेगळं पत्रही टाकलं आहे, पण इथेही सांगते. बायकोला सगळा आकडा सांग, एक रुपयाही न लपवता. ती रडेल, रागावेल, कदाचित माहेरी जाईल. तरी सांग. पगार थेट तिच्या खात्यात जाऊ दे. त्या ओळखीच्याचा नंबर तिच्यासमोर काढ. रात्री मोबाइल स्वयंपाकघरात ठेव. आणि मंडळीतला एक वयस्क भाऊ धर, जो दर पगाराच्या दिवशी संध्याकाळी तुला फोन करून विचारेल, काय रे, कसं काय? तुला त्याचा फोन नकोसा वाटेल. तरीही उचल.

विश्वास कमी पडतो का, असं विचारलंस. येशूने पेत्राला वधस्तंभाच्या आदल्या रात्रीच सांगितलं होतं, सैतानाने तुम्हांला गव्हासारखं चाळायला मागून घेतलं आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पेत्र त्या रात्री बागेत झोपला आणि पहाटे कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारून बसला. त्याच पेत्राने म्हातारपणी लिहिलं, सावध असा, जागे राहा, तुमचा शत्रू सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो. झोप लागून काय होतं हे ज्याला ठाऊक होतं त्याने ते लिहिलं. आणि येशूने त्याला चाळणीतून पडल्यावर काय करायचं तेही आधीच सांगून ठेवलं होतं: तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. तुझ्या दुकानात, तुझ्या गल्लीत सट्टा लावणारी आणखी पोरं असतीलच.

माझ्याविषयी एक सांगते. दादा गेल्यावर घराच्या वाटणीवरून माझं भावाशी बोलणं तीन वर्षं बंद होतं. दर महिन्याला मी प्रभुभोजन घेत होते. त्या तीन वर्षांत सैतानाने मला भलतंसलतं काही सुचवलं नाही, फक्त माझी बाजू बरोबर आहे हे रोज पटवून दिलं. आणि ती बरोबरच होती. सूर्य मावळायच्या आत राग सोडा हे वचन मी वॉर्डातल्या भिंतीवर स्वतः लिहिलेलं होतं. शेवटी एका मे महिन्यात, उन्हाची फिकीर न करता, एसटीने दोंडाईच्याला गेले. दार भावानेच उघडलं. वाटणी त्याच्या म्हणण्याप्रमाणे झाली, आणि तो आता दर रविवारी फोन करतो.

प्रश्न : मुलाने शाळेत जाताना चौफुलीवरचा उतारा ओलांडला, रात्री ताप आला. तेव्हापासून स्तोत्र ९१ कागदावर लिहून, दोऱ्याने त्याच्या दंडाला बांधलं आहे. चालेल ना? (एक भगिनी, चोपडा)

उत्तर : नाही, सोडा तो दोरा. स्तोत्र फार मोठं आहे, म्हणूनच ते दंडाला बांधायचं नाही. येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करून सैतानाने हेच स्तोत्र म्हणून दाखवलं होतं, अकरावं आणि बारावं वचन. पुढचं तेरावं, सिंह आणि सर्प तुडवण्याचं, त्याने म्हटलं नाही. कागदाला जर तो भीत असता तर त्याने ते तोंडावर घेतलं नसतं. मुलाला ते स्तोत्र पाठ करायला लावा, रोज दोन वचनं, झोपताना तुमच्या मांडीवर. दोन आठवड्यांत होईल.

भात, लिंबू आणि कुंकवात काही शक्ती नाही. आमच्या रेल्वे गेटाजवळ अमावास्येला नेहमी उतारा असायचा आणि दादांना त्याच्याशेजारूनच जावं लागे. ते म्हणायचे, कोणाच्या तरी घरात कोणी आजारी आहे, आणि त्या घरासाठी प्रार्थना करून पुढे जायचे. हसायचे नाहीत, लाथ मारायचे नाहीत. मुलालाही तेच शिकवा. ताप तीन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासा, डास खूप आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. दिवाळीनंतर पत्नी गेली. पहाटे तीनला जाग येते आणि आत कोणीतरी बोलतं: तू तिला दवाखान्यात उशिरा नेलंस, तूच मारलंस, तुझी प्रार्थना देव ऐकत नाही, तू तारलेलाच नाहीस. पाळकांना सांगितलं तर म्हणाले, सैतानाला धमकावा. धमकावतो, पण आवाज जात नाही. जेवण जात नाही. कधी शेतातल्या विहिरीकडे बघत बसतो. (अमळनेर तालुका)

उत्तर : सर, हे पत्र मी दुपारी वाचलं आणि चारला तुम्हाला फोन केला. तुमच्या परवानगीने लिहिते, कारण असे आणखी भाऊ आहेत जे लिहीतही नाहीत.

तुमच्यासारखं विहिरीचं किंवा कापसावर मारायच्या औषधाचं ज्याच्या मनात येतं, त्याने आजच घरातल्या एका माणसाला हे शब्द स्पष्ट सांगावेत. औषधाचे डबे घरात ठेवू नयेत, शेजाऱ्याकडे द्यावेत. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, फुकट, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. पहाटे तीनला जाग येणं, अन्न न जाणं, सगळा दोष स्वतःवर येणं, ही उदासीनतेच्या आजाराची लक्षणं आहेत आणि त्याला औषध आहे. ते घेणं म्हणजे सैतानापुढे हार मानणं नव्हे.

एलीयाने कर्मेलावर एवढा मोठा विजय पाहिला आणि दुसऱ्याच पानावर तो रानात झुडपाखाली पडून मरण मागतो. देवाने त्याला धमकावायला सांगितलं नाही, रागावलाही नाही. दूताने स्पर्श केला आणि म्हटलं, उठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाणी. तो खाऊन परत झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, परत भाकर. प्रवासाचं आणि कामाचं बोलणं त्यानंतर. म्हणून तुमच्या सूनबाईंना मी सांगितलं, सासरे नाही म्हणाले तरी ताट वाढून समोर बसा.

आता त्या आवाजाविषयी. शोक बोलतो तेव्हा तिची आठवण येते, तिच्या हातचं भरीत आठवतं, डोळे भरतात. दोष देणारा बोलतो तेव्हा तिचा चेहराही दिसत नाही, फक्त तुमचं नाव आणि तुमचा गुन्हा. तुम्ही तिला उशिरा नेलं का? फोनवर तुम्ही सांगितलेल्या तारखा मी ऐकल्या. एक नर्स म्हणून सांगते, नाही. आणि उशीर झाला असता तरी? रोमकरांस आठव्या अध्यायात पौल विचारतो, देवाच्या निवडलेल्यांवर दोषारोप कोण ठेवील? आणि सांगतो, ख्रिस्त देवाच्या उजवीकडे आपल्यासाठी विनंती करतो आहे. पहाटे तीनला त्या आवाजाशी वाद घालू नका. दिवा लावा, हे वचन मोठ्याने वाचा, चार घोट पाणी प्या, आणि मुलाला उठवा. तो म्हणाला आहे, केव्हाही उठवा.

आणखी एक. तुम्ही मराठीचे शिक्षक, तुम्हाला हे आवडेल. शस्त्रसामग्री धारण करा, तुम्ही टिकाव धरा, हे वाचताना आपण तो ‘तुम्ही’ आदरार्थी धरतो, जणू पौल एकेका माणसाला बोलतो आहे. त्याच्या ग्रीक पत्रात तो अनेकवचनी आहे. सगळी मंडळी मिळून उभी राहायची आहे. रोमी शिपाई ढालीला ढाल लावून उभे राहत, एकट्याने उभ्या राहणाऱ्याची एक बाजू उघडी पडे. तुम्ही दिवाळीपासून उपासनेला गेला नाहीत, कारण तिची जागा रिकामी दिसते. मी तुमच्या पाळकांशी बोलले. येत्या रविवारी दोघं तरुण तुम्हाला घ्यायला येतील आणि तुमच्या दोन्ही बाजूंना बसतील. गाणं म्हणायची गरज नाही. ते म्हणतील.

तुम्ही परवा फोन केलात तेव्हा म्हणालात, डॉक्टरांच्या गोळीने साडेचारपर्यंत झोप लागली, आणि सकाळी सूनबाईने दिलेल्या कळण्याच्या भाकरीतली अर्धी खाल्ली. उरलेल्या अर्ध्याचं मी पुढच्या गुरुवारी विचारीन.

सिस्टरमावशी